आधी काटा काढा: चालत खेळणाऱ्याने हलकी गोल्फ बॅग कशी निवडावी

"साहेब, आज दगड भरून आणलेत का?"

पुण्यातल्या एका कोर्सवर, एप्रिलमधल्या सकाळी, सातव्या टीवर (त्या होलचा पहिला फटका मारायची जागा) माझी बॅग वाहणाऱ्या कॅडीकाकांनी ती खाली टेकवली आणि विचारलं. हसतच विचारलं, पण कपाळावरचा घाम पुसत. काका साठीला टेकलेले, मी त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, आणि माझ्या हातात ओझं काय, तर एक हातमोजा. उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर विमानप्रवासाआधी सामान जोखायचा तो हुकवाला काटा शोधून काढला आणि बॅग त्याला टांगली. १४ किलो १५० ग्रॅम. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो. म्हणजे लोखंडी टाकी तेवढी सोडली, तर काका माझ्यासाठी सिलिंडरभर गॅस खांद्यावर घेऊन चढउतार करत होते.

अठरा होलचा कोर्स कागदावर साधारण साडेपाच ते साडेसहा किलोमीटरचा असतो. पण एका ग्रीनपासून (खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) पुढच्या टीपर्यंतचं अंतर, रफमधली, म्हणजे वाढलेल्या गवतातली शोधाशोध आणि आपल्या तिरक्या फटक्यांमागच्या येरझाऱ्या धरल्या, की चालणं होतं आठ ते दहा किलोमीटर. चार-साडेचार तास. त्यात बॅग साठ-सत्तर वेळा खाली ठेवायची आणि पुन्हा उचलायची. चालण्यापेक्षा ही उचल-ठेवच पाठीला जास्त भोवते, असा माझा अनुभव आहे.

त्या काट्यानंतर मी जे केलं ते चुकीचं होतं, म्हणून आधी तेच सांगतो. मी दुकानात गेलो आणि तिथली सगळ्यात हलकी बॅग उचलून आणली. रिकामी जेमतेम ९०० ग्रॅम. जुनी ३ किलो २०० ग्रॅमची होती, तेव्हा मोठाच पराक्रम केल्यासारखं वाटलं. जुन्या बॅगेतलं सगळं तसंच्या तसं नवीत कोंबलं आणि काट्यावर टांगलं, तर पावणेबारा किलोच्या वर. पट्टा बोटभर रुंद, तो खांद्यात रुतायचा. वारा सुटला की बॅग लोळण घ्यायची. जुलैत काळी माती बुडाच्या सांध्यात जाऊन बसली आणि ऑगस्टमध्ये सांधा तडकला. एक पावसाळाही निघाला नाही. हलकी बॅग घेणं आणि ओझं हलकं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळलं.

बॅग घेण्याआधी बॅग रिकामी करा

चादर पसरा आणि सगळे कप्पे तिच्यावर उलटे करा. लहान वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर, मोठ्या हुकच्या काट्यावर जोखा आणि कागदावर मांडत जा. माझ्या चादरीवर काय निघालं ते सांगतो.

सगळ्यात जड अर्थातच क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या. नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १४. ड्रायव्हर (टीवरून लांब फटक्याचा) ३०० ग्रॅमच्या थोडा वर, फेअरवे वुड (तोही लांब फटक्याचा) ३३० ते ३४०, स्टीलच्या दांड्याचे आयर्न (धातूच्या पात्याचे, मधल्या अंतराचे) ४१० पासून ४५० पर्यंत चढत जाणारे, वेज (उंच, आखूड फटक्याचे) ४६० च्या आसपास आणि पटर (ग्रीनवर चेंडू लोटायचा) अर्ध्या किलोच्या वर. गंमत अशी की सगळ्यात लांब क्लब सगळ्यात हलका आणि आखूड क्लब जड. माझे १४ मिळून झाले ५ किलो ८५५ ग्रॅम.

मग चेंडू. नियमाने एक चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड असता कामा नये, आणि बाजारातले चेंडू या मर्यादेला अगदी टेकलेले असतात. माझ्या बॅगेत निघाले २३. निम्मे तर इतरांचे हरवलेले, मला सापडलेले. सव्वा किलोला थोडे कमी, पण एक किलोच्या वर. त्यातून एका फेरीत मी दोन, फार तर तीन हरवतो. पाण्याच्या दोन लिटर-लिटरच्या बाटल्या, दोन किलो शंभर ग्रॅम. छत्री साडेसहाशे ग्रॅम, एप्रिलमध्येसुद्धा. पावसाळी जाकीट आणि पँट सातशे ग्रॅम, तीही एप्रिलमध्ये. उरलेल्या सहाशे ग्रॅमांत चेंडू टेकवायच्या खुंट्या (त्यांनाही टी म्हणतात) मुठी-मुठीने, वाळून कडक झालेले तीन हातमोजे, अर्धी ओली राहिलेली टॉवेल, गेल्या वर्षीची स्कोअरकार्डं आणि एक चावी, जिचं कुलूप आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही.

आता काटछाट. क्लबांना हात लावताना जीव तुटतो, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. १४ क्लबांची मर्यादा अमेरिकेत १९३८ पासून आणि ब्रिटनमध्ये १९३९ पासून आली. त्याआधी मोठे खेळाडू वीस-पंचवीस क्लब घेऊन उतरायचे आणि हाल व्हायचे ते कॅडींचे. २००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये, शेवटच्या दिवशी इयन वूस्नमने पहिल्याच होलवर बर्डी मारली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेतला. दुसऱ्या टीवर त्याच्या कॅडीच्या लक्षात आलं की बॅगेत सरावाचा जादा ड्रायव्हर तसाच राहिलाय. पंधरावा क्लब. दोन फटक्यांचा दंड बसला आणि वूस्नमने तो ड्रायव्हर झुडपात भिरकावला. जगातल्या उत्तम खेळाडूच्या बॅगेत काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, तर आपली काय कथा!

सर्वसाधारण हौशी खेळाडूने शेवटच्या पाच फेऱ्या आठवाव्यात. जो क्लब पाच फेऱ्यांत दोनदाही बाहेर निघाला नाही तो घरी ठेवावा. माझ्याकडून पाच नंबरचा वुड, गॅप वेज आणि लॉब वेज गेले. सव्वा किलोपेक्षा जास्त वाचलं, आणि माझा स्कोअर तसूभरही बिघडला नाही. बिघडायला तो फार चांगला होताच कुठे! नुसतं सरावाला किंवा संध्याकाळी नऊ होल खेळायला निघालात तर सात क्लब पुरतात: ड्रायव्हर, हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्या मधला), सहा आणि आठ नंबरचे आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज, पटर. हे तीन किलोच्या आत बसतं.

आयर्नना ग्रॅफाइटचे दांडे बसवले तर प्रत्येकी चाळीस-पन्नास ग्रॅम वाचतात. पण केवळ ओझ्यासाठी हे करू नका. दांडा बदलला की फटका बदलतो.

चेंडू सहा ठेवा. पाणी ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीत न्या आणि नऊ होलनंतर भरून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक कोर्सवर ती सोय असते, नसली तर मात्र पाण्यात काटकसर नको. छत्री आणि पावसाळी कपडे जून ते सप्टेंबर.

ओझं कुणाच्या खांद्यावर?

हा प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर वैद्यकीय कारण असल्याशिवाय गाडी मिळत नाही, अमेरिकेत ओरेगनमधलं बँडन ड्यून्सही चालणाऱ्यांसाठीच आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना सार्वजनिक कोर्सवर चालत खेळायचं तर बहुधा स्वतःची बॅग स्वतःच वाहावी लागते, आणि हलक्या स्टँड बॅगांचा (स्वतःचे घडीचे पाय असलेल्या बॅगांचा) बाजार मुख्यतः अशा खेळाडूंसाठीच उभा राहिलाय. आपल्याकडे बऱ्याच गोल्फ क्लबांत कॅडी असतोच, कित्येक ठिकाणी तो घ्यावाच लागतो. मग बॅग एकतर त्याच्या खांद्यावर जाते, नाहीतर दोन चाकांच्या ट्रॉलीवर.

तेव्हा आधी स्वतःशी कबूल करा. दहापैकी आठ फेऱ्या बॅग ट्रॉलीवरच जाणार असेल तर अतिहलक्या बॅगेच्या वाटेला जाऊ नका. तिचं बूड अरुंद असतं, ट्रॉलीवर ती स्वतःभोवती फिरते, ट्रॉलीचा पट्टा मऊ कप्पे चेपतो आणि पाय मध्ये अडकतात. तिथे अडीच किलोची, रुंद बुडाची, पाय बांधून ठेवायला पट्टी असलेली बॅग बरी. आणि बॅग खांद्यावरच जाणार असेल, मग तो खांदा तुमचा असो की कॅडीचा, तर पुढचं सगळं वाचा. कॅडीलाही विचारा. मी काकांना विचारलं तेव्हा कळलं की दोन पट्ट्यांची बॅगसुद्धा ते एकाच खांद्यावर घेतात, कारण दर दोन मिनिटांनी उतरवायला तेच सोयीचं. म्हणून मी असा पट्टा शोधला जो सोडवून एकेरी करता येतो. कॅटलॉगात हे सुचलं नसतं.

वजनाच्या पायऱ्या

रिकाम्या बॅगांचे ढोबळ गट असे. पेन्सिल बॅग किंवा संडे बॅग ७०० ग्रॅम ते दीड किलो. रविवारी कॅडी सुट्टीवर असत, तेव्हा स्वतः उचलायची म्हणून हे नाव पडलं, असं म्हणतात. सात-आठ क्लबांसाठी उत्तम. चौदा कोंबले तर काढताना कुस्ती. मग हलक्या स्टँड बॅगा, दीड ते दोन किलो. त्याच्या वर नेहमीच्या स्टँड बॅगा, अडीच ते तीन किलो. पुढे गाडीवर न्यायच्या कार्ट बॅगा, आणि टीव्हीवर दिसणाऱ्या व्यावसायिकांच्या अवाढव्य बॅगा, साडेचार-पाच किलोच्या. त्या वाहायला पगारी माणूस असतो.

बहुतेकांनी दीड ते दोन किलोंमध्ये शोधावं, असं माझं ठाम मत आहे. त्याच्या खाली गेलं की प्रत्येक शंभर ग्रॅम कशाच्या तरी बदल्यात वाचवलेले असतात: पट्ट्यातला फोम, पायांची जाडी, चेन, बुडाचं प्लॅस्टिक. ज्या गोष्टींमुळे ओझं सुसह्य होतं, नेमक्या त्याच. आणि लेबलवरचं वजन कधीकधी पट्टा आणि बॅगेच्या तोंडावर चढवायची पावसाळी टोपी वगळून दिलेलं असतं. हुकचा काटा खिशात घेऊनच दुकानात जा. दुकानदार बघत राहील, बघू दे.

पट्टा: इथे घाई नको

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना एक गोष्ट पटकन कळेल. ट्रेकच्या चांगल्या सॅकचं बरंचसं वजन कमरपट्ट्यामुळे कमरेवर जातं. गोल्फ बॅगेला कमरपट्टा नसतो. सगळा भार खांद्यांवर, वर बॅग आडवी, आणि ती सतत चढवायची-उतरवायची. म्हणून सॅकमध्ये बारा किलो सहज नेणारा माणूस इथे दहा किलोला कंटाळतो.

पूर्वी सगळ्या बॅगांना एकच पट्टा असे. अमेरिकेत इझो कंपनीचा दुहेरी पट्टा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आला आणि पाहता पाहता सगळ्यांनी ती पद्धत उचलली. दोन्ही खांद्यांवर भार वाटला जातो, पाठ एका बाजूला झुकत नाही. एकेरी पट्टा चढवायला झटपट, दिसायला ऐटबाज, पण नऊ होलच्या पुढे मान आणि कंबर हिशोब मागतात. पाठीची जुनी तक्रार असेल तर निमूटपणे दुहेरी घ्या.

दुकानात पट्टा असा तपासा. आधी सगळे बकल पूर्ण सैल करा. बॅगेत खरे क्लब भरा, दुकानातलेच उसने घ्या. बॅग चढवा आणि मग पट्टे हळूहळू आवळा, बॅग कमरेच्या वळणात येऊन बसेपर्यंत. फार खाली राहिली तर चालताना कुल्ल्यांवर आपटते, फार वर गेली तर मानेला टोचते. क्लबांच्या डोक्यांची बाजू बुडापेक्षा किंचित वर हवी. ती खाली झुकली तर वाकलात की क्लब घसरून बाहेर. उंची कमी असेल तर विशेष लक्ष द्या: बॅगेचं बूड पोटरीला किंवा कोपराला लागतंय का? लागत असेल आणि पट्टा आवळूनही थांबत नसेल, तर ती बॅग तुमची नव्हे. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंनी चढवून पाहावी, काही पट्टे एकाच बाजूने नीट बसतात.

पट्ट्याची रुंदी चार बोटं तरी असावी. फोम अंगठ्याने दाबा. लगेच तळाला लागला तर तो दोन महिन्यांत पापड होणार. पाठीला टेकणारी गादी जाळीची हवी. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत गुळगुळीत रेक्झिनची गादी तिसऱ्या होलपर्यंत शर्टाला चिकटते.

शेवटी हँडल. पट्टा न लावता, हँडल धरून बॅग उचला. ती तोल राखून लोंबली पाहिजे, तोंड किंचित वर. एका बाजूला कलंडत असेल तर मनगट दुखणार. सामान भरताना पाण्यासारख्या जड वस्तू मधोमध आणि पाठीच्या जवळ ठेवल्या की हा तोल सुधारतो.

पाय आणि बूड

बॅगेला स्वतःचे घडीचे पाय ही तशी अलीकडची गोष्ट. अमेरिकेतल्या सन माउंटन कंपनीने १९८० च्या दशकात ती रूढ केली. त्याआधी बॅग गवतावर आडवी पडायची आणि माणूस साठ-सत्तर वेळा वाकायचा. म्हणून पाय काढून टाकून तीन-चारशे ग्रॅम वाचवणं मला तरी पटत नाही. वाचवलेलं वजन कंबर व्याजासकट परत घेते.

रचना साधी असते. बॅग जमिनीवर टेकवून पुढे कलती केली की बूड सांध्यावर वाकतं, त्याने एक सळई वर ढकलली जाते आणि पाय फाकतात. उचलली की स्प्रिंगने मिटतात. मोडतं ते नेहमी बुडाच्या सांध्यापाशी. बॅग उलटी करा, सांधा बघा. प्लॅस्टिक जाड आहे का? स्क्रू आहेत की नुसते रिव्हेट? स्क्रू असले तर कधीतरी दुरुस्त होईल. मग बॅग भरून वीस वेळा टेकवा-उचला. पाय दरवेळी पूर्ण उघडले पाहिजेत, आणि उचलल्यावर चालताना खडखड न करता मिटून राहिले पाहिजेत. ही तपासणी दुकानातल्या गालिच्यावर करू नका, तिथे प्रत्येक बॅग उभी राहते. गुळगुळीत फरशीवर करा.

आपल्या जमिनीचाही विचार हवा. एप्रिल-मेमध्ये माती विटेसारखी कडक होते, पायांच्या रबरी टोप्या गुळगुळीत असतील तर बॅग सरकते. पावसाळ्यात काळी माती सांध्यात घुसून वाळते आणि पाय मिटेनासे होतात. मोकळा, बोट घालून साफ करता येईल असा सांधा घ्या. पुण्याच्या बावधनकडचं ऑक्सफर्ड किंवा नवी मुंबईतलं खारघर व्हॅली अशा डोंगरपायथ्याच्या कोर्सवर खेळत असाल तर रुंद बूड आणि जास्त फाकणारे पाय हवेतच. उताराला बॅग आडव्या बाजूने उभी केली की ती कुशीवर पडते. फारच उतार असेल तर सरळ खाली आडवी ठेवा, त्यात कमीपणा नाही.

पाय ॲल्युमिनियमचे की कार्बन फायबरचे? कार्बनचे हलके आणि महाग, पण डिकीच्या दारात चेपले तर चिरतात. ॲल्युमिनियमचा पाय वाकतो, आणि वाकलेला पाय पुष्कळदा सरळ करता येतो. मी ॲल्युमिनियमवर आहे.

तोंड, खण, खिसे

हलक्या बॅगांना बहुधा चार खणांचं तोंड असतं, आणि चालणाऱ्याला ते पुरतं. चौदा खणांचं तोंड दिसायला नीटनेटकं, पण वजन वाढतं आणि जाड ग्रिप, म्हणजे क्लबच्या मुठी, अडकतात. खणांची संख्या सोडा, पडदे तळापर्यंत जातात का ते बघा. नुसते वरच पट्टे असतील तर खाली सगळ्या ग्रिप एकमेकींत गुंततात. कसोटी सोपी आहे: चौदा क्लब भरा आणि मधला एक आयर्न एका हाताने उपसा. शेजारचे दोन त्याच्याबरोबर वर आले तर तो वैताग प्रत्येक फटक्याला सहन करावा लागेल. पटरची ग्रिप जाड असेल तर तो नेऊनच पाहा.

खिसे चार-पाच पुरेत. जास्त खिसे म्हणजे जास्त चेन, जास्त वजन, आणि मुख्य म्हणजे कुलूप माहीत नसलेल्या चाव्यांना राहायला जागा. बाटलीचा खिसा बॅग पाठीवर असताना हाताला यायला हवा. फोन-पाकिटाचा खिसा पाणी न शिरणारा हवा. बाकी चवीप्रमाणे.

पाऊस आणि कापड

कापडाचा जाडपणा डेनिअरमध्ये सांगतात: नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. आकडा लहान तितका धागा बारीक. हलक्या बॅगांत ७० ते २१० डेनिअरचं नायलॉन आढळतं, दणकट बॅगांत ४२० आणि वर. अंगाला पातळ कापड चालेल, पण बुडाशी आणि जिथे पाय घासतात तिथे जाड तुकडा हवा. बारीक चौकड्यांची वीण असेल तर चीर पसरत नाही.

'पाणी रोखणारी' आणि 'पाणी न शिरणारी' यांत एका पावसाळ्याचा फरक आहे. खिसा उलटा करून आतल्या शिवणी बघा. शिवणींवर पट्टी चिकटवलेली असेल तरच पाणी बाहेर राहील. कापड कितीही भारी असलं तरी पाणी सुईच्या भोकांतून येतं. चेनवर लेप किंवा झाकण हवं. पूर्ण जलरोधक बॅग महाग पडते. तुम्ही जुलै-ऑगस्टमध्ये खेळतच नसाल तर तो पैसा वाचवा आणि दीडशे ग्रॅमची पावसाळी टोपी खिशात ठेवा. विजा कडाडायला लागल्या तर मात्र छत्री, क्लब, बॅग सगळं सोडून निवाऱ्याला.

जिना

निवड दोन बॅगांवर आली की शेवटची परीक्षा घ्या. परत करता येईल अशा अटीवर बॅग घरी आणा. लेबल काढू नका. तुमचे खरे क्लब, खरं पाणी, खरे सहा चेंडू भरा आणि सोसायटीचा तीन मजल्यांचा जिना पाचदा चढा-उतरा. प्रत्येक मजल्यावर बॅग उभी करायची, एक क्लब काढायचा, ठेवायचा, पुन्हा चढवायची. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडून "कुठे निघालात?" असं विचारलं, ते सोडा. पंधरा मिनिटांत जे कळतं ते दुकानात तासाभरात कळत नाही: कुठला पट्टा घसरतो, कुठला बकल काखेत रुततो, पाय पायरीवर आपटतात का.

मला एका बॅगेने तिथेच नापास केलं, वजनाला ती दोनशे ग्रॅमने हलकी असूनही. दुसरी ठेवली. १ किलो ६०० ग्रॅम. तिच्यात ११ क्लब, ६ चेंडू, एक बाटली, टॉवेल आणि किरकोळ सामान मिळून काटा थांबला ७ किलो ६७० ग्रॅमवर. जवळपास साडेसहा किलो उतरलं. त्यातला बॅगेचा वाटा १ किलो ६००, बाकी सगळं चादरीवर राहिलेलं. माझ्यापुरती मी आठ किलोंची लक्ष्मणरेषा आखली आहे. पावसाळ्यात ती ओलांडतो.

पहिल्या फेरीला काकांनी बॅग उचलली, दोनदा वरखाली केली आणि पटर घरी राहिला की काय म्हणून आत डोकावून पाहिलं.

जुनी घ्यायची असेल तर

गोल्फ क्लबातला कुणी ना कुणी बॅग विकतच असतो, आणि सौदा वाईट नसतो. चेन आणि धावक्या कोपऱ्यावरचा बॅग दुरुस्तीवाला बदलून देतो, पट्ट्याची उसवलेली शिवणही घालतो. पण बुडाचा तडकलेला सांधा बहुतेक वेळा दुरुस्त होत नाही. सुटा भाग मिळतो का ते कंपनीकडून आधी विचारा. खिशात हात घाला. अस्तर चिकट लागलं किंवा पापुद्रे सुटले आणि आंबूस वास आला तर लेप दमटपणाने गेलाय, तो परत येत नाही. जुन्या सॅकचं आणि जुन्या रेनकोटचं हेच होतं.

आपल्या बॅगेवर ही वेळ येऊ नये म्हणून ओल्या फेरीनंतर ती गॅलरीत सगळ्या चेन उघड्या ठेवून वाळवा, उन्हात नव्हे, वाऱ्याला. सांध्यातली माती ओली असतानाच जुन्या टूथब्रशने काढा. मे महिन्यात बॅग गाडीच्या डिकीत मुक्कामाला ठेवू नका, उकाड्याने ग्रिपखालचा डिंक आणि कापडावरचा लेप दोन्ही सैल होतात. आणि महिन्यातून एकदा तिला पुन्हा काट्यावर टांगा. गेल्या खेपेला माझी ८ किलो ४०० भरली. उलटी केली तर अकरा चेंडू निघाले, त्यातले पाच कुणाचे होते देव जाणे.